काउंटरला सर्व्हर सापडत नाही? होस्टनेम आणि सर्व्हर नेमचा घोळ सोडवू या

बिलिंगचं सॉफ्टवेअर नव्या काउंटरवर टाकलं की पहिल्यांदा एक चौकोन येतो, सर्व्हर नेम भरा म्हणून, आणि बहुतेकजण तिथे १९२.१६८.१.१०५ असा काहीतरी आयपी, म्हणजे राउटरने मशीनला दिलेला नंबर, टाकून मोकळे होतात. चालतं की. पहिल्या पावसापर्यंत मस्त चालतं. मग मिरग लागतो, वीज जाते, येते, परत जाते, राउटर दोन-तीनदा बंद पडून चालू होतो, कोणाला कुठला नंबर दिलेला ती त्याच्याजवळची यादी पुसली जाते, आणि सगळी मशीनं परत नंबर मागायला आली की जो आधी येईल त्याला हाताला लागेल तो नंबर देऊन राउटर मोकळा. १०५ आता मालकाच्या पुतण्याच्या मोबाइलला. त्यात तो दिवस शुक्रवार असला, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा, तर बघायलाच नको.

उपाय म्हणजे नंबराऐवजी नाव वापरायचं. पण इथेच लोक अडकतात, कारण मशीनला तिचं नाव (म्हणजे होस्टनेम) सांगणं हे एक काम, आणि ते नाव बाकीच्यांना कळेल अशी सोय करणं हे दुसरं. पहिलं काम करून लोक उठतात आणि मग म्हणतात नावाने होत नाही, आयपीच बरा. त्यामुळे खाली जिथे जिथे नाव येईल तिथे एवढंच विचारत चला, की हे नाव विचारतंय कोण, आणि उत्तर द्यायचं कोणी.

उदाहरणाला म्हापशातलं एक औषधांचं दुकान धरू. तीन काउंटर, आतल्या खोलीत एक सर्व्हर पीसी, एक वायफाय प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी आणि इंटरनेटवाल्याने बसवून दिलेला राउटर. कमांड आणि नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

पायरी १: आत्ता काय नाव आहे ते बघा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि होस्टनेम एवढंच टाइप करून एंटर मारा. बऱ्याचदा डेस्कटॉप, मग हायफन, मग सात अक्षरांचा गिचमिडा असं काहीतरी येईल, ते विंडोजने स्वतःच ठेवलेलं नाव. लिनक्स आणि मॅकवरही हीच कमांड चालते. त्यानंतर आयपीकॉन्फिग स्पेस स्लॅश ऑल. त्यात वरच होस्ट नेम दिसतं, आणि खाली नेटवर्क कार्डाच्या भागात आयपीव्ही४ ॲड्रेस, फिजिकल ॲड्रेस (म्हणजे मॅक ॲड्रेस, नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), डीएनएस सफिक्स आणि डीएनएस सर्व्हर्स (डीएनएस म्हणजे नाव विचारलं की त्याचा आयपी सांगणारी सोय). हे सगळं प्रत्येक मशीनचं एका वहीत लिहून घ्या, साधी वही, बिलबुकाच्या शेजारी राहील अशी. डीएनएस सर्व्हर्सची ओळ लोक नेहमी गाळतात आणि पुढे तीच नडते.

प्रिंटरला पण होस्टनेम असतं. त्याच्या मेनूतून नेटवर्क कॉन्फिगरेशनचा कागद छापून घ्या, त्यावर नोड नेम किंवा होस्टनेम म्हणून असेल. ब्रदरच्या प्रिंटरचं नाव बीआरएन किंवा वायफाय असेल तर बीआरडब्ल्यू ने सुरू होतं आणि पुढे त्याचाच मॅक ॲड्रेस. मॅकबुक असेल तर तिथे कंप्युटर नेम, लोकल होस्टनेम आणि होस्टनेम अशी तीन वेगळी नावं असतात, तिन्ही वेगवेगळ्या लोकांना दाखवायला.

पायरी २: नाव ठरवा

नियम थोडे आहेत. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन, बस. सुरुवातीला किंवा शेवटी हायफन नको, स्पेस नको, अंडरस्कोर नको. अंडरस्कोर काही ठिकाणी खपून जातो आणि काही ठिकाणी अडतो, आणि अडतो तेव्हा कारण सापडत नाही, म्हणून मुळातच नको. लहान-मोठं अक्षर सारखंच धरलं जातं. दोन डॉटच्या मधला भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा आणि सगळं मिळून २५३ पर्यंत, पण विंडोज असेल तर हे विसरा आणि १५ च्या आत रहा, कारण जुनं नेटबायोस नाव (नेटबायोस म्हणजे विंडोजची नेटवर्कवर नाव ओळखायची जुनी पद्धत) १६ जागांचं आणि त्यातली शेवटची जागा सर्व्हिसचा प्रकार सांगायला राखून ठेवलेली. सोळावं अक्षर कापलं जातं. मेडिकल-काउंटर-१ आणि मेडिकल-काउंटर-२ अशी लांबलचक नावं ठेवली आणि शेवटचा आकडाच कापला गेला तर दोन्ही मशीनं एकाच नावाची झाली ना, मग डुप्लिकेट नेमचा एरर.

नाव कामावरून ठेवा आणि मागे आकडा लावा, काउंटर१, काउंटर२, बिलसर्व्हर, प्रिंटर१. माणसाच्या नावावरून ठेवू नका, माणूस सोडून जातो आणि त्याच्या जागी आलेली मुलगी वर्षभर दुसऱ्याच्या नावाच्या मशीनवर काम करते. १९९० मध्ये फक्त कंप्युटरला नाव कसं द्यावं यावर एक आरएफसी (इंटरनेटच्या नियम-सूचनांचं टिपण) निघाली होती, तिच्यातही स्वतःचं नाव देऊ नका असंच सांगितलंय. आपल्याकडे देवांची नावं द्यायची भारी हौस, सर्व्हर म्हणजे मंगेश, बॅकअप म्हणजे शांतादुर्गा. माझा आक्षेप एवढाच की मग कोणीतरी फोन करून सांगतो, मंगेश सकाळपासून बंद आहे, त्याला एकदा फॉरमॅट मारायचा काय? ऐकवत नाही.

शाखा दोन-तीन गावांत असतील आणि नावात गाव घालायचं असेल तर स्पेलिंग आधी ठरवून वहीत लिहा. एकाच गावाची पाटीवर एक, बसवर दुसरी आणि बिलावर तिसरी स्पेलिंग आपल्याकडे रोजचीच, म्हापसा की मापुसा, फोंडा की पोंडा, डिचोली की बिचोलिम. कंप्युटरला ती दोन वेगळी गावं. सरळ तीन अक्षरं घ्या, एमएचपी, एफएनडी, आणि त्यावर ठाम रहा.

पायरी ३: मशीनला नाव द्या

हे सोपं, पटकन सांगतो. विंडोजवर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट, रिनेम धिस पीसी, नाव टाका आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्टशिवाय नवीन नाव लागू होत नाही. उबुंटूसारख्या लिनक्सवर सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम आणि पुढे नवीन नाव. लिनक्सवर मात्र इटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल उघडून १२७.०.१.१ च्या ओळीतलं जुनं नावसुद्धा बदला, नाहीतर सुडोची कुठलीही कमांड मारली की अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट असं कुरकुरत बसतं. मशीन स्वतःलाच स्वतःच्या नावाने शोधतंय आणि उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून ती तक्रार.

एक धोक्याची सूचना. ज्या पीसीवर बिलिंगचा डेटाबेस आधीच चालू आहे त्याचं नाव हौस म्हणून बदलू नका. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) असेल तर मशीनचं नाव बदललं तरी डेटाबेसच्या आत नोंदलेलं जुनं नाव तसंच राहतं, ते वेगळी कमांड मारून बदलावं लागतं, शिवाय प्रत्येक काउंटरवरची सेटिंग वेगळी. जुनं नाव घाणेरडं असलं तरी राहू दे आणि वरून एक चांगलं टोपणनाव लावा, ते कसं ते पुढे येतंच.

पायरी ४: बाकीच्यांना नाव कळू द्या

आता खरं काम. काउंटर१ ने बिलसर्व्हर असं नाव विचारलं की त्याच्याजवळ उत्तर मिळवायचे तीन-चार रस्ते असतात.

पहिला रस्ता स्वतःच्याच होस्ट्स फाइलचा. विंडोजवर ती सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, इटीसी अशा आत बसलेली असते. तिला कुठलंही एक्स्टेंशन नाही, आणि नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय सेव्ह होत नाही (आणि नोटपॅडने गुपचूप मागे डॉट टीएक्सटी लावलं तर ती फाइल कोणी वाचत नाही, तेवढं बघा). एक ओळ, आधी आयपी, मग स्पेस, मग नाव. ही फाइल इंटरनेटपेक्षा जुन्या काळातली आहे म्हटलं तरी चालेल. अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, असल्या नावांची एकच फाइल होती, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम सांभाळायची आणि बाकीच्यांनी ती तिथून उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तशी ती पद्धत झेपेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे यादी एका जागी न ठेवता ज्याच्या त्याच्या भागाचं उत्तर ज्याने त्याने द्यायचं. तुमच्या तीन काउंटरच्या दुकानाला मात्र ती जुनी फाइल अजून पुरते. चारच मशीनं असतील तर मी सरळ हेच करतो. दहाच्या पुढे गेलं की प्रत्येक पीसीवर जाऊन ओळ बदलायचा कंटाळा येतो आणि एक कुठलातरी राहूनच जातो.

दुसरा रस्ता डीएनएसचा, आणि लहान दुकानात डीएनएस म्हणजे राउटर. मशीन नंबर मागायला जातं तेव्हा आपलं होस्टनेमही राउटरला सांगतं. काही राउटर ते लक्षात ठेवून पुढे कोणी विचारलं तर उत्तर देतात, आणि इंटरनेटवाले देतात त्यातले बरेच देत नाहीत, त्यांच्या पानावर यादीत नाव दिसतं पण विचारलं की मौन. तुमचा राउटर कुठल्या जातीचा ते पुढच्या पायरीत कळेल. इथे एक सापळा आहे. कोणीतरी कधीतरी नेट स्लो आहे म्हणून काउंटरच्या पीसीवर डीएनएस हाताने ८.८.८.८ करून ठेवलेलं असतं. म्हणजे बिलसर्व्हर कुठे आहे हे तो पीसी गूगलच्या डीएनएसला विचारतोय. गूगलला तुमच्या आतल्या खोलीतलं काय माहीत? म्हणून वहीत डीएनएसची ओळ लिहायला सांगितली होती.

तिसरा रस्ता ओरडून विचारायचा. नावापुढे डॉट लोकल लावलं, बिलसर्व्हर डॉट लोकल, की मशीन सगळ्या नेटवर्कवर हाक मारतं, हा कोण आहे, आणि ज्याचं नाव तो स्वतः उत्तर देतो. याला एमडीएनएस म्हणतात, ॲपलवाल्यांचं बॉनजूर ते हेच. प्रिंटर, मॅक, लिनक्स, हल्लीचं विंडोज सगळ्यांना जमतं, जुन्या अँड्रॉइड फोनांना जमत नाही. ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसमध्ये पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवलेलं असतं तिथून ऑफिसचा प्रिंटर डॉट लोकलने सापडणार नाही, आणि सापडूही नये. विंडोजची नेटबायोस वगैरे जुनी ओरडायची पद्धत अजून मागे असते, तिच्या भरवशावर काही उभं करू नका.

कुठलाही रस्ता घ्या, पण पहिले दोन घेतले तर सर्व्हर आणि प्रिंटरचा आयपी बांधून टाका. राउटरच्या पानावर डीएचसीपी रिझर्व्हेशन (डीएचसीपी म्हणजे राउटरची नंबर वाटायची पद्धत) किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा, मॅक ॲड्रेस आणि त्यासमोर नंबर टाका, सेव्ह करा. ही नोंद वीज गेली तरी टिकते. सर्व्हर वायफायवर असेल तर त्याचा मॅक ॲड्रेस बदलता तर ठेवलेला नाही ना ते बघा, फोनवर आणि लॅपटॉपवर रँडम मॅक नावाची एक सोय असते, ती चालू असली तर रिझर्व्हेशन पाण्यात. खरं म्हणजे सर्व्हर वायफायवर नसावाच, वीस मीटर केबल टाका.

टोपणनाव लावायचं तर होस्ट्स फाइलमध्ये त्याच आयपीसमोर दुसरं नाव लिहिलं की झालं. डीएनएसमध्ये त्यालाच सीनेम रेकॉर्ड म्हणतात, एक नाव दुसऱ्या नावाकडे बोट दाखवतं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टोपणनाव टाकलेलं असेल तर उद्या सर्व्हर पीसी जळून नवीन आला तरी फक्त बोट फिरवायचं.

आणि पूर्ण नाव म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो. घराचा नंबर, वाडा, गाव, तालुका असा पत्ता लिहितो तसं बिलसर्व्हर डॉट ऑफिस डॉट एक्झाम्पल डॉट कॉम, डावीकडे सगळ्यात आतलं, उजवीकडे सगळ्यात बाहेरचं. याला एफक्यूडीएन म्हणतात आणि पहिला तुकडा तेवढा होस्टनेम. फक्त पहिला तुकडा टाकला तर मशीन आपला डीएनएस सफिक्स मागे जोडून बघतं. आतल्या वापरासाठी स्वतःच्या मनाने डॉट गोवा, डॉट दुकान असलं शेपूट शोधून काढू नका, आणि डॉट लोकल डीएनएसमध्ये वापरू नका, ते त्या हाकेसाठी राखलेलं आहे. घरगुती नेटवर्कसाठी होम डॉट अर्पा २०१८ मध्ये राखून ठेवलंय, आणि २०२४ मध्ये आयकॅनने (इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी संस्था) डॉट इंटर्नल हे कायम खाजगी वापरासाठी सोडलं. दोन्हीतलं एक घ्या.

पायरी ५: तपासा

काउंटर१ वर बसा. पिंग बिलसर्व्हर. मग एनएसलुकअप बिलसर्व्हर. दोन्ही मारायच्या, कारण दोघी वेगळीकडे विचारतात. पिंग विंडोजला विचारतं, म्हणजे होस्ट्स फाइल, डीएनएस, हाक, सगळे रस्ते. एनएसलुकअप थेट डीएनएसला, होस्ट्स फाइलकडे ढुंकून बघत नाही. म्हणून पिंग चाललं आणि एनएसलुकअपने नकार दिला तर काही बिघडलेलं नाही, नाव होस्ट्स फाइलमधून किंवा हाकेतून आलंय. दोन्हीकडे नकार तर नावाला उत्तर देणारा कोणीच नाही, चौथ्या पायरीकडे परत.

पिंगने कंसात आयपी दाखवला पण पुढे रिक्वेस्ट टाइम्ड आउट, तर नावाचं काम झालेलं आहे! विंडोजचा फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नसेल एवढंच. हे बघून लोक परत नाव बदलायला जातात. आयपी बरोबर आला का तेवढंच इथे बघायचं. जुना आयपी येत असेल तर आयपीकॉन्फिग स्लॅश फ्लशडीएनएस मारा, आणि तरीही तोच आला तर होस्ट्स फाइलमध्ये कोणाची तरी विसरलेली ओळ पडलेली असते. मग राउटर मुद्दाम बंद करून चालू करा आणि परत पिंग मारा, हे दुपारी जेवायच्या सुट्टीत, गिऱ्हाईक नसताना.

पायरी ६: बिलिंगमधला तो चौकोन

इथे सर्व्हर नेम म्हणजे नुसतं होस्टनेम नसतं बऱ्याचदा. एसक्यूएल सर्व्हर असेल तर होस्टनेम, मग बॅकस्लॅश, मग इन्स्टन्सचं नाव, उदाहरणार्थ बिलसर्व्हर बॅकस्लॅश एसक्यूएलएक्सप्रेस. पहिला अर्धा भाग कुठलं मशीन, दुसरा अर्धा त्या मशीनवर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची कुठली प्रत, तिलाच इन्स्टन्स म्हणतात. पहिल्या भागाचं उत्तर वर आपण केलेली सोय देते, दुसऱ्या भागाचं उत्तर एसक्यूएल ब्राउझर नावाची सर्व्हिस देते, सर्व्हरवरच, यूडीपी १४३४ पोर्टवर. ती सर्व्हिस बंद असली किंवा फायरवॉलने अडवली तर नाव शंभर टक्के बरोबर असूनही सर्व्हर सापडत नाही. शिवाय एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी मुळात बंदच असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करायची. पिंगला आयपी बरोबर येतोय आणि सॉफ्टवेअर जोडत नाही, तर ह्या तीन जागा बघा.

आणि सर्व्हर पीसीवरच्या चौकोनात नुसता एक डॉट किंवा लोकलहोस्ट लिहिलेलं असतं, ते बघून तीच सेटिंग काउंटरवर उतरवली जाते. डॉट म्हणजे मी स्वतः. काउंटर१ मग स्वतःच्याच पोटात डेटाबेस शोधत बसतो.

पायरी ७: वेबसाइटचं सर्व्हर नेम

होमस्टेची किंवा दुकानाची वेबसाइट असेल तर तिथे सर्व्हर नेमचा अर्थ परत बदलतो. एका आयपीवर शंभर साइट असतात, ब्राउझर पान मागताना होस्ट म्हणून नाव पाठवतो, आणि सर्व्हर आपल्या यादीत बघून ठरवतो कुठलं पान द्यायचं. एन्जिनएक्समध्ये (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, अपाचीही तसंच) ती ओळ सर्व्हर अंडरस्कोर नेम, अपाचीमध्ये सर्व्हरनेम आणि जादा नावांसाठी सर्व्हरएलियस. मशीनच्या होस्टनेमशी याचा काही संबंध नाही. ह्या ओळीने डीएनएसमध्येही काही होत नाही, लोक इथे नाव लिहितात आणि साइट का उघडत नाही म्हणून वाट बघतात. यादीत नाव जुळलं नाही तर सर्व्हर एरर देत नाही, डीफॉल्ट म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या नंबरची साइट दाखवतो, म्हणून तुमच्या होमस्टेच्या पत्त्यावर कधीकधी भलत्याच कोणाचं पान उघडतं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं आणि न लावलेलं ही दोन वेगळी नावं, दोन्ही यादीत हवीत, दोन्ही डीएनएसमध्ये हवीत आणि दोन्ही साइटच्या एचटीटीपीएस सर्टिफिकेटमध्येही हवीत.

डॉट भारत २०१४ मध्ये आलं, त्यात मराठी आणि कोंकणी दोन्ही, म्हणजे साइटचं नाव देवनागरीत घेता येतं. पण डीएनएसला ते एक्सएन आणि दोन हायफनने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांतच दिसतं, आणि सर्व्हर नेमच्या ओळीत ते रूप टाकलेलं बरं.

साइट नव्या होस्टिंगवर हलवताना डीएनएस बदलायच्या आधी आपल्या पीसीच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी आणि साइटचं नाव टाकून बघता येतं, बाकी जगाला जुनी दिसते आणि तुम्हाला नवी. फॉर्म भरून बघा, फोटो उघडतात का बघा, बुकिंगचा मेल जातो का बघा. डीएनएस बदललं की ती ओळ त्याच दिवशी काढा, नाहीतर पुढच्या वेळी होस्टिंग बदललं की सगळ्यांना साइट दिसेल आणि तुमच्या एकट्याच्या पीसीवर बंद.